बागेत शिरण्यापूर्वी

गर्भारशीच्या इच्छांना आपण मराठीत डोहाळे म्हणतो. शब्द मूळचा संस्कृत ‘दोहद’; प्राकृतातून वळसा घेत तो आपल्या घरात आला. संस्कृत कवींच्या जगात मात्र डोहाळे झाडांनाही लागत. अशोकाला हवा असे तरुणीच्या पायाचा स्पर्श, बकुळीला तिच्या तोंडची मद्याची चूळ. इच्छा पुरली की झाड बहरे. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात झोक्यावरून पडून राणीचा पाय दुखावतो, म्हणून राजवाड्याच्या प्रमदवनातला अशोक फुलवायला मालविकेला पाठवतात, आणि राजा झाडीआडून तिला पाहत राहतो. दरबार, बाग आणि प्रेम यांची गाठ आपल्याकडे इतकी जुनी आहे.

प्रस्तावनेच्या आरंभीच डोहाळ्यांचा विषय काढण्याचे कारण पुण्यात आहे. भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ नावाची फारसी पोथी आहे. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची स्तुती करणारे हे काव्य आफताबी नावाच्या कवीने रचले. १५६५ मध्ये विजयनगरविरुद्धच्या लढाईत दख्खनचे सुलतान जिंकले आणि त्याच वर्षी हुसेन निजामशहा वारला. पुढची काही वर्षे त्याची बेगम खुंजा हुमायून हिने अल्पवयीन मुलाच्या नावाने राज्य चालवले. चांदबिबीची ही आई. १५६९ मध्ये मुलानेच तिला कैदेत टाकले. पोथी या मधल्या चार वर्षांतली मानली जाते. तिच्यातल्या एका चित्रात एक स्त्री झाडाला स्पर्श करते आहे आणि ते झाड फुलले आहे. काव्य फारसी, राजा मुसलमान, आणि चित्रात साक्षात दोहद. इतर काही चित्रांत राणी होती, पण नंतर कोणीतरी तिची आकृती पुसून टाकली. राजाच्या शेजारी आज एक मळकट डाग उरला आहे. माणूस खोडता आले. फुललेले झाड आणि त्याच्याजवळची स्त्री मात्र राहिली.

दरबारी जीवनाची बागेतली चित्रे पाहू लागणाऱ्या वाचकाला मी आधी या पोथीपाशी नेतो, कारण या विषयाचे मर्म तिच्यात एका जागी सापडते. भारतीय लघुचित्रात दोन बागा एकमेकींना भेटतात. एक मोजून-मापून आखलेली चारबाग: मधोमध हौद, चार दिशांना पाण्याचे पाट, पाटांनी पाडलेले चार चौक. ती इराण आणि मध्य आशियातून आली. दुसरी आपली जुनी उपवनाची कल्पना: आंब्याला मोहर आला, वेलीने झाडाला मिठी मारली, मोर ओरडला, की माणसाच्या मनात काहीतरी होते. पहिली बाग जमिनीवर असते, दुसरी ऋतूत असते. या दोन बागा प्रत्येक दरबाराच्या चित्रकारांनी कशा जुळवल्या, कुठे एकीने दुसरीवर मात केली, कुठे दोघींचा सांधाही दिसेनासा झाला, हे पाहणे हाच या अभ्यासाचा आनंद आहे असे मला वाटते.

पहिल्या बागेची सर्वांत बोलकी साक्ष बाबराच्या आत्मचरित्रात आहे. बाबराने ते तुर्कीत लिहिले. अब्दुर्रहीम खानखानाने त्याचा फारसी अनुवाद १५८९ मध्ये अकबराला सादर केला आणि लगोलग त्याच्या सचित्र प्रती तयार होऊ लागल्या. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्यांतले एक जोडपानी चित्र आहे, साधारण १५९० चे. आखणी बिशनदासाची, चेहरे नान्हाचे. विषय आहे जलालाबादजवळची बाग-ए-वफा, बाबराने १५०८-०९ मध्ये आखलेली. चित्रात बादशहा स्वतः उभा राहून हात पुढे करून सूचना देतो आहे. एकाच्या हातात चौकटी आखलेला नकाशा आहे. माळी दोरी ताणून वाफ्यांची रेघ धरत आहेत. बाहेर दारात भेटीला आलेली माणसे खोळंबली आहेत. राजा कामात आहे, आणि त्याचे काम बाग हे आहे! ही बाग सजावट नसून राज्यकारभाराचे चित्र आहे, हे त्या खोळंबलेल्या माणसांवरून कळते. ज्याला जमिनीत सरळ रेघ ओढता येते आणि त्या रेघेतून पाणी नेता येते, तो राजा. त्या रेखीव बागेत बाबराने केळी आणून लावल्या, आणि त्या चांगल्या जगल्या हेही त्याने नोंदवून ठेवले. म्हणजे पानिपताच्या आधीच हिंदुस्तानचे झाड चारबागेत शिरले होते.

१५२६ नंतर आग्र्याला आल्यावर बाबराची मोठी तक्रार पाण्याविषयी होती. इथे वाहते पाणी नाही, बागा नीट आखलेल्या नाहीत. विहिरीचे पाणी कसे काढतात, याचे त्याने बारकाईने वर्णन केले आहे. लाहोर-सरहिंदकडे रहाट आणि आग्रा-बयाना भागात बैलांनी ओढायची कातडी मोट. मोटेची पद्धत त्याला कष्टाची आणि घाणेरडी वाटली. आपल्याकडच्या ज्यांनी लहानपणी विहिरीवर मोट चालताना पाहिली आहे, त्यांना हा भाग वाचताना गंमतही वाटेल आणि थोडे वाईटही. कारण यमुनेकाठी त्याने ज्या बागा उठवल्या, त्यांचे हौद भरण्यासाठीही पाणी बैलांच्याच बळावर वर चढवावे लागले. चित्रातल्या कारंज्याचा तुषार पाहताना मला नेहमी चौकटीबाहेरचा तो बैल आठवतो. काही चित्रकारांनाही तो आठवला असावा. पानाच्या कोपऱ्यात, भिंतीबाहेर, रहाट फिरवणारी जोडी काढलेली चित्रे सापडतात, आणि ती शोधण्याची सवय लावून घ्यावी.

आता पाहण्याविषयी एक गोष्ट, जिच्यावाचून पुढे जाता येणार नाही. युरोपीय चित्रांवर पोसलेली नजर लघुचित्रातल्या बागेपुढे प्रथम गोंधळते. वाफे वरून पाहिल्यासारखे सपाट, जमिनीवर पसरलेल्या सतरंजीसारखे. त्याच वाफ्यांतली झाडे मात्र समोरून पाहिल्यासारखी उभी. हौद आकाशातून दिसतो, त्यातली बदके काठावरून. चौथरा एका बाजूने, त्यावरचा गालिचा दुसऱ्या बाजूने. याला अनेकांनी चूक म्हटले. चूक नव्हे. चित्रकाराला बागेची प्रत्येक वस्तू तिच्या सर्वांत ओळखू येणाऱ्या रूपात दाखवायची आहे. वाफा वरून ओळखू येतो, सरू समोरून. आणि हे चित्र भिंतीवर टांगण्यासाठी नव्हते. ते मांडीवर घेऊन, हातात धरून, कधी दोघातिघांत फिरवून पाहायचे होते. बागेत चालणारा माणूस जसा एका जागी उभा राहत नाही, तशी या चित्रातली नजरही चालते. लांबून पाहणाऱ्याला ते चित्र जिथे विस्कळीत वाटते, तिथेच ते चालणाऱ्याला वाट देते.

उदयपूरच्या चित्रकारांनी ही चाल फार दूर नेली. १८ व्या शतकात तिथली चित्रे आकाराने वाढत गेली. त्यांना लघुचित्र म्हणताना संकोच वाटावा इतकी. पिछोला तलावातला जगनिवास महाल महाराणा जगतसिंह दुसरा याने बांधला आणि १७४६ मध्ये तिथे प्रवेश केला. त्या महालाच्या चौकांची, हौदांची, वाफ्यांची चित्रे पाहावीत. एकच महाराणा एका चित्रात तीन-चार ठिकाणी दिसतो. इथे हौदात पोहतो आहे, तिथे गाणे ऐकतो आहे, पलीकडे राण्यांसोबत बसला आहे. एका पानात एक अख्खी दुपार मावली आहे. यांतल्या पुष्कळ चित्रांच्या मागे मजकूर असतो: कोणते स्थळ, कोण कोण हजर, कधी. चित्राची पाठ ही या अभ्यासातली मोठी खाण आहे. संग्रहालयांनी ती पूर्वी क्वचितच दाखवली. आता छापील सूचींतून दिसू लागली आहे.

मुघल चित्रांबद्दल येथे फार लिहीत नाही, कारण त्यांच्याविषयी इतरत्र खूप मिळेल. एवढेच सांगतो की जहांगीरच्या काळात नजर बागेवरून फुलावर आली. १६२० च्या काश्मीर भेटीत उस्ताद मन्सूरने शंभराहून अधिक फुले चितारल्याचे बादशहाने स्वतः लिहिले आहे. शहाजहानच्या काळी ती फुले चित्रांच्या कडांवर, संगमरवरात, पटक्यांच्या पदरांवर पसरली. पुढे महंमदशहाचे एक चित्र बोस्टनच्या संग्रहालयात आहे. पालखीत बसलेला बादशहा भोयांच्या खांद्यावरून बागेत फिरतो आहे. पूर्वजाने दोरी ताणून उभी केलेली बाग वारस बसल्या जागेवरून पाहतो. १७३९ ला नादिरशहा दिल्लीत आला, हे ठाऊक असल्यावर त्या चित्रातली संध्याकाळ फार जड वाटते.

दख्खनकडे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, आणि त्याबद्दल क्षमा मागत नाही. अहिल्यानगरजवळ, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरजवळ, फराहबाग अजून उभी आहे. एके काळी तलावाच्या मधोमध असलेला अष्टकोनी महाल, १५८३ च्या सुमारास पुरा झालेला. आज तलाव कोरडा आहे. आपल्यातले किती जण तिथे गेले आहेत? तिथे उभे राहून ‘तारीफ’मधली किंवा उत्तर दख्खनेतल्या, रागांना माणसाचे रूप देणाऱ्या रागमालांची चित्रे आठवली, की त्यांतले सोने आणि लालभडक रंग कोणत्या उन्हात पाहायचे होते ते कळते. या रागमालांत हिंदोल राग झोक्यावर बसतो, वर संस्कृत श्लोक असतो, आणि स्त्रियांच्या साड्यांचे पदर वाऱ्याने उडालेले असतात. पुढे विजापुरात इब्राहिम आदिलशहा दुसऱ्याच्या काळी (१५८० ते १६२७) चित्रातली झाडे स्वप्नातल्यासारखी झाली. डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहातल्या मैना घेतलेल्या योगिनीभोवतीची फुले माणसापेक्षा मोठी आहेत. मोजमापाची बाग तिथे हरली, आणि फार सुंदर हरली. त्याच काळात मुघल फौजा दख्खनेत येऊ लागल्या, त्यांच्याबरोबर राजपूत सरदार आले, सरदारांबरोबर त्यांची आवड आली. भानुदत्ताच्या संस्कृत ‘रसमंजरी’ची एक सचित्र पोथी १६५० मध्ये औरंगाबादेत तयार झाली, मेवाडच्या एका सरदारासाठी. मराठवाड्याच्या मातीत काढलेली, नायक-नायिकांची, मेवाडला जायची. शैलींच्या नावांच्या सीमारेषा किती पुसट आहेत हे सांगायला हे एक उदाहरण मला पुरते.

‘रसमंजरी’ आणि केशवदासाची १५९१ ची ‘रसिकप्रिया’ या ग्रंथांमुळे बागेला दुसरी भाषा मिळाली. नायिकांचे प्रकार सांगणारे हे ग्रंथ. चित्रकाराने प्रत्येक प्रकाराला झाड, पाणी, प्रहर आणि पक्षी नेमून दिले. वाट पाहणारी उत्का झाडाखाली पानांच्या शेजेवर बसते. रात्री प्रियकराला भेटायला निघालेल्या अभिसारिकेच्या वाटेत साप, वीज आणि पाऊस असतात. हिंदुस्तानी संगीत ऐकणाऱ्या मराठी वाचकाला इथे घरच्यासारखे वाटेल. तोडी म्हटल्यावर ज्याच्या कानात एक सकाळ उभी राहते, त्याने रागमालेतली तोडी पाहावी. हातात वीणा, आणि सुरांना भुलून जवळ आलेली हरणे. ककुभेभोवती मोर जमतात. वसंतात कृष्ण नाचतो आणि आंब्याला मोहर असतो. या चित्रांतले झाड भावनेमागे उभे नाही. भावना झाडातूनच सांगितली आहे. केळीची जोडी, सरूला बिलगलेली फुलांची फांदी, कारंज्यात बुडालेले चांदणे हे सगळे वाक्याचे शब्द आहेत.

किशनगढमध्ये राजा आणि देव यांच्यातली रेघ याच बागेत मिटली. तिथला राजा सावंतसिंह ‘नागरीदास’ या नावाने कृष्णभक्तीची पदे रचत असे. त्याचा चित्रकार निहालचंद त्या पदांना रूप देई. मोठा तलाव, काठावर पांढरा महाल, दाट हिरवी राई, आणि त्या सगळ्यात नखाएवढे राधा-कृष्ण लाल नावेत. तलाव किशनगढचा, महाल राजाचा, वृंदावन मात्र खरे. सावंतसिंहाने शेवटी राज्य सोडून वृंदावनाची वाट धरली, तेव्हा तो त्या चित्रात आधीपासूनच राहत होता असे म्हणावेसे वाटते. पहाडी प्रदेशात गुलेर-कांगड्याच्या चित्रकारांनी वेगळेच केले. त्यांनी भिंत पाडली. बाग डोंगराच्या उतारात, नदीत, गवतात विरघळली. मला व्यक्तिशः ती चित्रे सर्वांत जवळची आहेत, पण नव्या अभ्यासकाने तिथून सुरुवात करू नये. ती इतकी सहज सुंदर आहेत की त्यांच्यापुढे डोळा आळशी होतो.

हे सगळे ज्या हातांनी केले, त्यांच्या कामाची पद्धतही समजून घ्यायला हवी. कागदाचे थर चिकटवून वसली करायची. त्यावर खाका उतरवायचा, पांढऱ्याचा पातळ हात द्यायचा, मग रंग. अधूनमधून चित्र पालथे घालून अकीकाच्या दगडाने घोटायचे, म्हणजे रंग कागदात बसून चमकतो. कुंचला खारीच्या शेपटीच्या केसांचा. बागेचा हिरवा बहुधा हरताळ आणि नीळ मिसळून होई. तांब्यापासून केलेला जंगालही वापरीत, पण जंगाल कागद खातो. जुन्या चित्रांत हिरव्या पट्ट्यापाशी कागद तपकिरी होऊन चिरलेला दिसला, तर दोष बहुधा त्याचा. प्यूडी नावाचा उबदार पिवळा तर झाडापासूनच सुरू होई. १८८३ मध्ये त्रैलोक्यनाथ मुखर्जी यांनी बिहारमधल्या मुंगेरजवळच्या गावात जाऊन लिहून ठेवले की आंब्याची पाने खाऊ घातलेल्या गाईंच्या मूत्रापासून हा रंग करतात. त्या गाई कृश झालेल्या असत, हेही त्यांनी नोंदवले. सौंदर्याचा हिशेब मांडताना ही नोंद मी वगळू शकत नाही.

या विषयाचा आधुनिक अभ्यास शंभर वर्षांहून थोडा जुना आहे. १९१६ मध्ये आनंद कुमारस्वामींनी ‘राजपूत पेंटिंग’ लिहून राजपूत आणि मुघल चित्रांना वेगळे केले. त्या भेदाची तेव्हा गरज होती, आज तो तसाच धरून बसण्याची नाही. मुंबईने या अभ्यासाला मोठे बळ दिले. तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये डॉ. मोतीचंद्र होते. वकिली सांभाळून कार्ल खंडालावाला यांनी १९५८ मध्ये पहाडी चित्रांवरचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. १९४६ मध्ये मुल्कराज आनंदांनी सुरू केलेले ‘मार्ग’ नियतकालिक इथूनच निघत आले. त्याच ‘मार्ग’मध्ये १९६८ साली बी. एन. गोस्वामींचा तो निबंध आला, ज्याने प्रश्नच बदलला. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांतून त्यांनी चित्रकारांची घराणी शोधून काढली आणि सांगितले की शैली राजाच्या नावाने ओळखू नका, चित्रकाराच्या कुटुंबाच्या नावाने ओळखा. पंडित सेऊ, त्याची मुले मानकू आणि नैनसुख, त्यांची मुले. राजाच्या बागेतून आपण प्रथमच चित्रकाराच्या घरात गेलो. दख्खनी चित्रांवर मार्क झेब्रोव्स्कींचे पुस्तक १९८३ चे. मराठीत मात्र या विषयावर सलग, सविस्तर लेखन अजून फार थोडे आहे. पोथी पुण्यात, महाल अहिल्यानगरात, संग्रह मुंबईत, आणि वाचावे लागते इंग्रजीत, ही स्थिती मला बोचते.

नव्या अभ्यासकाला एक सावधगिरी सांगतो. या बागांत स्त्रिया फार आहेत, पण त्यांची नावे फार थोडी आहेत. राजांचे चेहरे पाहून काढलेले असतात. जनान्यातल्या स्त्रीचा चेहरा बहुतेक वेळा ठरावीक, कारण चित्रकाराला ती दिसलेली नसे. तेव्हा झोक्यावरची, कारंज्याकाठची, मद्याचा पेला धरलेली स्त्री म्हणजे त्या काळच्या स्त्रीजीवनाचा पुरावा असे समजून चालू नये. पुष्कळदा ती पुरुषाने कल्पिलेली एक दुपार आहे. म्हणूनच खुंजा हुमायूनचा तो डाग इतका मोलाचा. तिथे खरी, राज्य करणारी, नाव असलेली स्त्री होती, आणि ती होती म्हणूनच पुसली गेली.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात किंवा इतर कुठल्याही संग्रहात जाल तेव्हा दालन पुरे करण्याची घाई करू नका. बागेचे एकच चित्र निवडा. आधी पाणी शोधा: ते कुठून येते, कुठे जाते. मग झाडे ओळखा. आंबा, केळ, चाफा तुम्हाला नावानिशी ठाऊक आहेत, हा आपल्याकडच्या वाचकाचा मोठा फायदा आहे. माणसांकडे शेवटी या. बरोबर एक साधे भिंग ठेवा, आणि जे दिसेल ते तिथल्या तिथे मराठीत लिहून काढा.